तांब्यावरची कुरणे

क्लोद लोरँ या चित्रकाराने १६३६ साली रोममध्ये तांब्याच्या एका पत्र्यावर गुराखी रेखाटला. पत्रा सुमारे १३ सेंटिमीटर उंच आणि २० सेंटिमीटर रुंद, म्हणजे पोस्टकार्डाहून थोडाच मोठा. ओढ्याच्या पाण्यातून गुरे चालली आहेत, गुराखी काठावर टेकला आहे, झाडी दाट आहे आणि झाडीपलीकडे दूरवर आकाश उजळले आहे. चित्रात घडत काहीच नाही. तरी फिलिप गिल्बर्ट हॅमर्टन या १९ व्या शतकातील इंग्रज समीक्षकाने नाजूक कारागिरीच्या कसोटीवर जगातील सगळ्या निसर्ग-एचिंगांत या चित्राला पहिले स्थान दिले. हा कौल आजही फारसा बदलावा लागत नाही.

या चित्राची सगळी किमया उजेडात आहे, आणि तो उजेड काढलेला नाही, राखलेला आहे. एचिंगमध्ये शाई काळी असते; ऊन दाखवायला वेगळा रंग नसतो. पत्र्याचा जो भाग आम्लाने खाल्लेला नाही तेथे कागद कोरा राहतो, आणि तो कोरा कागदच आकाश होतो, पाण्यावरची चकाकी होतो, गाईच्या पाठीवरचे ऊन होतो. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये आणि रोममध्ये खेड्यांची, कुरणांची, गुराख्यांची शेकडो एचिंग निघाली. त्यांतले चांगले आणि सामान्य वेगळे काढायचे तर कलावंताने किती रेघा ओढल्या याहून कोठे ओढल्या नाहीत हे आधी पाहावे लागते.

साधारण १६०० ते १७५० या काळातील युरोपीय कलेला बरोक म्हणतात. या शब्दासरशी डोळ्यांपुढे येतात त्या रोममधील भव्य चर्चच्या कमानी, बेर्निनीची वळसेदार शिल्पे, रूबेन्सची माणसांनी खचाखच भरलेली प्रचंड चित्रे. तळहाताएवढ्या कागदावरच्या गाई आणि झोपड्या त्या थाटात बसत नाहीत, म्हणून बरोकच्या इतिहासात त्यांना बहुधा ओझरती जागा मिळते. पण प्रकाशाचा नाट्यमय वापर, वाऱ्यापावसाची हालचाल, जवळच्या अंधारातून दूरच्या उजेडाकडे नजर खेचून नेणारी मांडणी ही बरोकची सगळी लक्षणे त्यांत आहेत. आवाज तेवढा हळू आहे.

एचिंगला मराठीत अम्लरेखन म्हणतात. घासून गुळगुळीत केलेल्या तांब्याच्या पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर देतात. पत्रा उलटा धरून मेणबत्तीच्या धुराने तो थर काळा करतात, म्हणजे त्यावर ओढलेली रेघ तांब्याच्या रंगात चमकून दिसते. सुई फक्त थर खरवडते. धातूवर जोर द्यावा लागत नाही. धातू खाण्याचे काम पुढे आम्ल करते. पत्रा आम्लात जितका जास्त वेळ राहील तितकी रेघ खोल आणि रुंद होते, तिच्यात शाई जास्त मावते आणि ती कागदावर अधिक काळी उमटते. दूरच्या टेकड्या फिकट हव्या असतील तर पत्रा लवकर बाहेर काढून तेवढ्या रेघांवर वॉर्निशचा लेप देतात आणि बाकीचे चित्र पुन्हा आम्लात सोडतात. जवळची झाडे, खडक, गुरांच्या सावल्या असे करत करत गडद होत जातात. दूरचे धूसर, जवळचे ठळक हा डोळ्याचा रोजचा अनुभव येथे आम्लातल्या मिनिटांच्या हिशेबाने साधला जातो.

आम्लाचे काम झाले की थर पुसून टाकतात. पत्र्याला शाई चोळून वरचा भाग स्वच्छ पुसतात, म्हणजे शाई फक्त खाचांत उरते. मग ओलसर कागद आणि त्यावर जाड लोकरी कापड ठेवून पत्रा प्रेसच्या दोन रुळांमधून काढतात. मऊ पडलेला कागद खाचांत शिरून शाई उचलतो. पत्र्याच्या कडेचा दबका चौकोनही कागदावर उमटतो; जुने मुद्राचित्र ओळखण्याची ती एक खूण असते. चित्र उलटे छापले जाते, डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे. रेम्ब्रँटने सुमारे १६४० मध्ये काढलेल्या अ‍ॅम्स्टरडॅमच्या दृश्यात शहर प्रत्यक्षाच्या उलट दिसते, कारण पत्र्यावर त्याने ते जसे दिसले तसे काढले होते. छापल्यावर ते उलटेल याची त्याने फिकीर केली नाही.

याआधी तांब्यावरचे काम मुख्यतः कोरणीने होत असे. त्या उत्कीर्णनात धातूत कोरणी ढकलत न्यावी लागते, पत्रा फिरवावा लागतो, आणि हात बसायला सोनाराच्या दुकानातल्यासारखी वर्षानुवर्षांची उमेदवारी लागते. त्यातून निघणारी रेघ नेटकी आणि शिस्तीची असते. कपड्याच्या चुण्या किंवा देवतेचे सुघड अंग दाखवायला ती उत्तम, पण शाकारलेल्या छपराचे लोंबणारे गवत, मेंढीची लोकर, वाऱ्याने विस्कटलेले झाड यांना ती जड पडते. एचिंगची सुई बोरूसारखी चालते. ज्याला कागदावर रेखाटता येते त्याला मेणावर रेखाटता येते. त्यामुळे चित्रकारांना कारागीर मध्ये न घालता स्वतःच पत्र्यावर हात चालवता आला, आणि शेतशिवाराचे चित्र या माध्यमाला असे जडले की पुढे दोन्हींचा उल्लेख जोडीनेच होऊ लागला.

मुळात ही विद्या शस्त्रकारांची होती. चिलखतांवर आणि तलवारींवर वेलबुट्टी काढायला जर्मन कारागीर आम्ल वापरत. आउग्सबुर्गच्या डानिएल हॉप्फरने १५०० च्या सुमारास ती कागदावर छापण्यासाठी वापरली. आल्ब्रेख्ट ड्यूररने १५१५ ते १५१८ या काळात लोखंडी पत्र्यांवर मोजकी एचिंग केली, आणि डॅन्यूबच्या खोऱ्यातील आल्टडॉर्फरने त्यानंतर लवकरच माणूस किंवा कथा नसलेला निव्वळ निसर्ग एचिंगमध्ये आणला. खेड्याला मात्र स्वतःचे चित्र मिळायला अँटवर्प शहर लागले. तेथील प्रकाशक हिएरोनिमस कॉक याने १५५९ आणि १५६१ मध्ये त्या परिसरातील वाड्यावस्त्या, कुंपणे, चिखलाच्या वाटा आणि तळी यांच्या चाळीसहून अधिक छोट्या दृश्यांचे दोन संच काढले. मूळ रेखाटने कोणाची होती हे कोठे नोंदलेले नाही. त्यांत डोंगर नाहीत, राजवाडे नाहीत, बायबलमधील प्रसंगही नाही. जे दारासमोर आहे ते चित्राला पुरेसे आहे, हे त्या संचांनी पहिल्यांदा ठामपणे दाखवले.

१५८५ मध्ये स्पॅनिश फौजांनी अँटवर्प घेतले आणि तेथील कितीतरी कारागीर, व्यापारी आणि चित्रकार उत्तरेकडे हार्लेम व अ‍ॅम्स्टरडॅमला गेले. त्यांच्याबरोबर ही दृष्टीही गेली. १६०९ मध्ये स्पेनशी बारा वर्षांचा तह झाला. शहराच्या वेशीबाहेर निर्धास्तपणे फिरता येऊ लागले, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच अ‍ॅम्स्टरडॅमच्या क्लास यान्स फिसर याने हार्लेमभोवतालच्या रम्य जागांचा बारा पानांचा संच छापला. वाळूच्या टेकड्या, कपडे धुऊन वाळत घालण्याची मैदाने, दीपगृह, रस्त्याकडेची खाणावळ, एक पडका गढीवजा वाडा असे त्याचे विषय आहेत. प्रवासाला सवड नसलेल्यांसाठी हा संच आहे, असे त्याने त्यातच नमूद केले होते. त्याला आपले गिऱ्हाईक बरोबर ठाऊक होते. ते शहरातले होते, दिवसभर हिशेबाच्या वह्यांत असणारे होते, आणि संध्याकाळी घरबसल्या वेशीबाहेर फेरफटका मारू पाहणारे होते. अँटवर्पच्या जुन्या दृश्यांच्या प्रतीही फिसरने १६१२ मध्ये नव्याने काढल्या. पाठोपाठ १६१६ मध्ये विलेम बाउटेवेखने आपला निसर्गदृश्यांचा संच काढला, यान फान डे वेल्डे याने तर साठ दृश्यांचा. ही चित्रे स्वस्त होती, वहीत चिकटवून ठेवता येत आणि पाहुण्यांना दाखवता येत.

फिसर किंवा बाउटेवेख यांच्या खेड्यांत खरा शेतकरी क्वचितच राबताना दिसतो. माणसे बहुधा चालत असतात, काठावर बसून मासे धरत असतात, कुंपणाला टेकून बोलत असतात. हे खेडे शहराच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे, आणि तो डोळा दमलेला आहे. त्याच वर्षांत हॉलंडची जमीनही बदलत होती. बाल्टिक समुद्रामार्गे धान्य येऊ लागल्याने घरचे रान दूधदुभत्यासाठी मोकळे झाले होते. अ‍ॅम्स्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी पैसा घालून पवनचक्क्यांनी पाणी उपसायला लावले आणि १६१२ मध्ये बेम्स्टर नावाचे सुमारे ७,००० हेक्टरांचे सरोवर कोरडे करून शेतजमीन मिळवली. चित्रातले कुरण आणि व्यापाऱ्याच्या खातेवहीतले कुरण एकच होते. चित्रात फक्त हिशेब दिसत नाही.

या मंडळींच्या शेजारीच हर्क्युलिस सेगर्स हा एकांडा माणूस काम करत होता. त्याने रंगीत शाई वापरली, रंगवलेल्या कागदावर आणि कापडावर छापले, एकाच पत्र्याचे ठसे दर वेळी वेगळे काढले. खडकाळ, ओसाड दऱ्या हे त्याचे विश्व. गोपजीवनाशी, म्हणजे गुराख्यांच्या आणि कुरणांच्या जगाशी, त्याचे नाते थोडे. तरी त्याला वगळता येत नाही, कारण त्याची आठ चित्रे रेम्ब्रँटच्या संग्रही होती, आणि त्याचा एक पत्रा मिळवून रेम्ब्रँटने त्यातील माणसे घासून काढली व त्या जागी इजिप्तला पळून जाणारे ख्रिस्ताचे कुटुंब बसवले. झाडी सेगर्सची, माणसे रेम्ब्रँटची, असे ते चित्र आहे.

रेम्ब्रँटने निसर्गाची एचिंग मुख्यतः १६४० ते १६५२ या बारा वर्षांत केली. ती पंचविसाच्या आसपास भरतात आणि बहुतेक अ‍ॅम्स्टरडॅमपासून पायी जाण्याच्या अंतरावरची आहेत. १६४१ च्या पवनचक्कीच्या चित्रातील चक्की खरी होती. कॉड माशाचे तेल घालून कातडी मऊ करण्याचे काम तेथे चाले, आणि त्या वासामुळे लोक तिला घाणेरडी चक्की म्हणत. रेम्ब्रँटने तिच्या फळ्या, शिडी, झिजलेले छप्पर असे मन लावून काढले आहे की तिला कोणी रम्य म्हणणार नाही, पण ती विसरणारही नाही. १६४५ च्या 'सिक्सचा पूल' या चित्रात मोजक्या रेघा आहेत. जेवणाच्या वेळी मोहरीची चटणी संपली, नोकर ती आणायला शेजारच्या गावी गेला, आणि तो परत येईपर्यंत पत्रा पुरा करण्याची पैज रेम्ब्रँटने जिंकली, अशी आख्यायिका फ्रेंच व्यापारी जेर्सें याच्या १७५१ च्या सूचीत आहे. गोष्ट खरी असो वा नसो, एचिंगची सुई किती झपाट्याने चालू शकते हे ती नेमके सांगते.

'तीन झाडे' हे १६४३ चे चित्र मात्र घाईचे नाही. सुमारे २१ बाय २८ सेंटिमीटरचे हे रेम्ब्रँटचे सर्वांत मोठे निसर्ग-एचिंग. एका उंचवट्यावर तीन झाडे उभी आहेत. दुसऱ्या बाजूने पावसाची सर तिरक्या, सरळ, जणू पट्टी धरून ओढलेल्या रेघांत कोसळते आहे, आणि मध्ये वादळानंतरचे धुतलेले आकाश आहे. आम्लाच्या रेघांवर त्याने कोरणी आणि कोरडी सुईही चालवली. कोरडी सुई थेट तांब्याला ओरबाडते, रेघेच्या काठाला धातूचा बारीक कंगोरा उठतो, आणि त्या कंगोऱ्यात अडकलेली शाई कागदावर मखमलीसारखी पसरते. झाडांखालचा काळोख त्या मखमलीचा आहे. चित्र जवळ घेऊन पाहिले की माणसे सापडू लागतात. पाण्याकाठी गळ टाकून बसलेला माणूस आणि त्याच्याजवळ एक बाई, उंचवट्यावरून जाणारी माणसांनी भरलेली गाडी, बाजूला बसून रेखाटन करणारा चित्रकार, आणि झुडपाच्या अंधारात जवळजवळ न दिसणारे एक प्रेमी जोडपे. खाली आयुष्य आपल्या गतीने चालू आहे आणि वर आभाळ फाटले आहे. गोपजीवनाच्या चित्रांत एवढा मोठा अवकाश दुसऱ्या कोणाला साधला नाही.

रोमची गोष्ट वेगळी होती. तेथे गुराखी हा नुसता गुराखी नव्हता. ग्रीक कवी थिओक्रिटस आणि रोमन कवी व्हर्जिल यांनी मेंढपाळांच्या तोंडी प्रेम आणि विरह घालून गोपकाव्याची परंपरा सुरू केली होती. सान्नाझारोच्या १५०४ सालच्या 'आर्केडिया' या ग्रंथाने ती नव्याने रुजवली, आणि ग्वारीनीच्या 'पास्तोर फीदो' या नाटकाने तिला युरोपभर दरबारी लोकप्रियता दिली. आर्केडिया हा ग्रीसमधील खराच प्रांत, पण काव्यात तो जेथे मेंढपाळ बासरी वाजवतात आणि कोणाला घाई नसते असा देश झाला. रोमभोवतालचे कंपान्या मैदान या कल्पनेला आयते सापडले. तेथे विस्तीर्ण ओसाड जमिनी होत्या, मधूनच पाण्याच्या मोडक्या कमानी आणि देवळांचे खांब, आणि हिवाळ्यात अपेनाइन डोंगरांतून मेंढ्या घेऊन उतरणारे मेंढपाळ. ओसाडीचे कारण सुंदर नव्हते. मलेरियाने आणि मोठ्या जमीनदाऱ्यांनी तेथील गावे रिकामी केली होती. चित्रांत त्या तापाची खूण नाही.

क्लोद मूळचा लॉरेन प्रांतातल्या शामान्य गावचा, गरीब घरचा, लहानपणीच पोरका झालेला. रोममध्ये तो आगोस्तिनो तास्सीच्या हाताखाली शिकला. त्याचा मित्र झांद्रार्ट याने लिहून ठेवले आहे की क्लोद पहाटेपासून अंधार पडेपर्यंत माळावर बसून आकाशाचे बदलते रंग न्याहाळत असे. त्याने चाळीसच्या आसपास एचिंग केली. बहुतेक १६३० नंतरच्या दशकातली, काही थोडी १६५१ च्या आणि १६६२-६३ च्या सुमाराची. एचिंगचे रीतसर शिक्षण त्याला नव्हते, आणि पत्र्यांवर ते दिसते. कोठे आम्ल थराखाली घुसून डाग पडले आहेत, कोठे रेघा एकमेकींत गुंतल्या आहेत, कोठे त्याने घासून पुन्हा काढले आहे. पण तो ज्याच्या मागे होता ते नेटक्या रेघेने मिळणारे नव्हते. त्याच्या झाडांची पाने सुटी मोजता येत नाहीत. उजेडात ती विरघळतात. १६३४ च्या सूर्योदयाच्या दृश्यात त्याने सूर्य थेट समोर ठेवला आहे. काळ्या शाईने सूर्य काढणे हे मोठे धाडस होते, आणि कोऱ्या कागदाभोवती जरुरीपुरत्याच रेघा ठेवून त्याने ते निभावले.

त्याच लॉरेन प्रांताचा दुसरा मोठा एचिंगकार जाक कालो. चौदाशेहून अधिक मुद्राचित्रे त्याच्या नावावर आहेत. मेणाच्या मऊ थराऐवजी वीणेसारखी वाद्ये बनवणाऱ्यांचे कडक वॉर्निश त्याने वापरात आणले, आणि तिरक्या टोकाच्या सुईने कोरणीसारखी फुगत-निमुळती होत जाणारी रेघ काढून दाखवली. आब्राआम बॉस याने १६४५ मध्ये पॅरिसला या कलेचे पाठ्यपुस्तक छापले त्यात कालोचीच रीत पायाभूत आहे. तीस वर्षांच्या युद्धात १६३३ साली फ्रेंच सैन्य लॉरेनमध्ये घुसले, आणि त्याच वर्षी कालोची युद्धाच्या यातनांवरची १८ चित्रांची माला प्रसिद्ध झाली. तिच्यात एक शेतघर लुटले जात आहे, गाव पेटले आहे, झाडाला फाशी दिलेली माणसे लोंबत आहेत, आणि शेवटाकडे शेतकरी आडवाटेला गाठलेल्या सैनिकांवर सूड उगवत आहेत. एकाच मातीतले दोन कलावंत, एकच माध्यम, तीच वर्षे. कालोने खेड्याचे काय झाले ते काढले. क्लोदने खेडे कसे असावे ते. क्लोदच्या कुरणाकडे पाहताना कालोची ती माला मनात ठेवली पाहिजे. तिच्यामुळे क्लोद खोटा ठरत नाही. त्याच्या काळच्या माणसांना त्याची शांतता किती हवीशी होती ते त्यातून कळते.

रोमला गेलेले किंवा रोमची हवा घरी बसून घेतलेले डच चित्रकार पुष्कळ होते, आणि त्यांनी दोन्ही परंपरा एकत्र केल्या. पीटर फान लार याने रोमच्या रस्त्यांवरची गरीब माणसे आणि जनावरे चित्रांत आणली. यान बोट याने रोमच्या परिसराची मोजकीच पण उन्हाने भरलेली दृश्ये एचिंग केली. हेर्मान फान स्वानेफेल्टने शंभरावर. हार्लेमचा निकोलास बेर्खेम या शाखेतला सर्वांत लोकप्रिय. त्याच्या चित्रांत ओढा ओलांडणारी गुरे, गाढवावर बसलेली बाई, बासरी किंवा मशकबाजा वाजवणारा पोर, मागे एखादे पडके बांधकाम असे ठरलेले साहित्य असते. ते तो इतक्या वेळा आणि इतक्या सहजपणे मांडतो की दहा चित्रे सलग पाहिल्यावर थोडा कंटाळा येतो. सुटी जनावरे मात्र त्याने फार जिव्हाळ्याने काढली आहेत. शिकाऊ चित्रकारांना नमुना म्हणून या जनावरांचे संच दिले जात, आणि त्यांवरून कितीतरी पिढ्यांनी गाय काढायला घेतली. कारेल दुजार्दें याची एचिंग पन्नासच्या आसपास. आकाराने लहान, रेघेने स्वच्छ. उन्हात पसरलेली डुकरे आणि भार वाहून थकलेली खेचरे त्याने जशी पाहिली तशी बेर्खेमनेही पाहिली नाहीत.

पाउलुस पॉटरला फक्त २८ वर्षांचे आयुष्य मिळाले. हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयातील १६४७ चा त्याचा प्रचंड बैल सर्वांना ठाऊक असतो. १६५० च्या आठ पानांच्या एचिंग-संचात त्याची गुरे हाताएवढी होतात, पण वजन तसेच राहते. बसलेल्या गाईचे पोट जमिनीवर कसे पसरते, मानेखालची पोळी कशी लोंबते, बैलाच्या कपाळावरचे केस कसे भोवऱ्यासारखे फिरतात, हे सुईच्या आखूड फटकाऱ्यांनी त्याने उतरवले. हॉलंडात गाय ही देशाच्या भरभराटीची खूण मानली जाई, आणि या चित्रांना मिळालेल्या मागणीत त्या अभिमानाचाही वाटा होता.

या सगळ्या कुरणांत गुराखी आहे. शेतकऱ्याचे घर मात्र आद्रियान फान ओस्टाडे याच्या सुमारे पन्नास एचिंगांत सापडते. हार्लेमचाच हा चित्रकार तरुणपणी दारूगुत्त्यातले धटिंगण काढत असे. पुढे त्याची नजर निवळली. १६४७ च्या 'कुटुंब' या चित्रात अंधाऱ्या, धुरकट, पसाऱ्याने भरलेल्या खोलीत एक गरीब संसार मांडलेला आहे. त्याच वर्षीच्या 'कोठार' या चित्रात रिकाम्या लाकडी कोठाराच्या फटींतून उजेड झिरपतो, आणि चित्राचा खरा विषय तोच उजेड आहे. डुक्कर मारण्याचा प्रसंग, दारात बोलत थांबलेल्या बायका, जत्रेचा नाच, फिरता गारुडी-वैद्य हेही ओस्टाडेने काढले. त्याच्या माणसांना बासरी वाजवायला वेळ नाही. गोपजीवनाच्या स्वप्नाला जमिनीवर आणणारा या काळातला सर्वांत प्रामाणिक एचिंगकार म्हणून त्याचेच नाव घ्यावे लागेल.

याकोब फान राउसडाल याने जेमतेम तेरा एचिंग केली आणि मग हा नाद सोडला. ओकच्या वेड्यावाकड्या बुंध्यांची, पाणथळ जंगलाची ती चित्रे पाहता हे नुकसानच झाले. इटलीत जेनोव्हाच्या कास्तिल्योने याने बायबलमधील पूर्वजांचे कळपांसह प्रवास काढले. मेंढ्या, उंट, भांडीकुंडी यांच्या गर्दीत पवित्र कथा जवळजवळ हरवून जाते, आणि त्याला बहुधा तेच हवे होते.

ही चित्रे आज पाहताना एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तांबे मऊ असते. प्रेसच्या दाबाने आणि पुसण्याने पत्रा झिजतो. आम्लाच्या रेघांचे काहीशे चांगले ठसे निघतात, कोरड्या सुईच्या कंगोऱ्याचे काही डझनच. पण कलावंत गेल्यावरही पत्रे हातोहात विकले जात आणि नवे मालक ते छापत राहत, कधी पुसट रेघा पुन्हा कोरून. म्हणून एकाच चित्राचा एक ठसा श्वास घेतो आणि दुसरा मेलेला वाटतो. क्लोदच्या बाबतीत हे सर्वांत जाचते. त्याच्या दूरच्या टेकड्या इतक्या नाजूक रेघांच्या आहेत की त्या आधी नाहीशा होतात, आणि कोरा कागद उजेड न राहता नुसता कागद राहतो. व्हिएन्नाच्या आडाम बार्च याने १८०३ ते १८२१ या काळात २१ खंडांत चित्रकार-एचिंगकारांची सूची केली ती अशा ठशांतून मार्ग काढण्यासाठीच. त्याने दिलेले क्रमांक आजही संग्रहालयांत चालतात.

पुढच्या काळाने या वारशाचा भरपूर वापर केला. क्लोदने आपल्या रंगचित्रांची नोंद म्हणून ठेवलेल्या रेखाटनांच्या वहीवरून रिचर्ड अर्लम याने १७७७ मध्ये मुद्राचित्रे काढली. ती इंग्लंडात घरोघर गेली, आणि ती डोळ्यांपुढे ठेवून टर्नरने १८०७ पासून आपली निसर्गदृश्यांची माला काढली. १८६२ मध्ये पॅरिसला एचिंगकारांनी स्वतःची संस्था काढली तेव्हा ओस्टाडे आणि रेम्ब्रँट हेच त्यांचे गुरू होते.

अ‍ॅम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम आणि लंडनचे ब्रिटिश म्युझियम यांनी आपल्या संग्रहातील ही एचिंग संकेतस्थळांवर विनामूल्य पाहायला ठेवली आहेत. पडद्यावर ती मोठी करून पाहता येतात आणि झुडपातले जोडपेही सापडते. एकदा मात्र ती मूळ आकारात, हातातल्या पुस्तकाएवढ्या अंतरावरून पाहावी, आणि त्याआधी ठसा सुरुवातीचा आहे की झिजलेल्या पत्र्याचा हे विचारून घ्यावे.